जिन्यातल्या सायकली

'नोकरीबद्दल चार शब्द बोला' असा कमिटीचा आग्रह, म्हणून उभा आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कारखान्यात ३१ वर्षं मी सेफ्टी ऑफिसर होतो. तेव्हाच्या, १९४८च्या कारखाना कायद्याप्रमाणे १००० कामगार असले की हे पद ठेवावंच लागायचं. आवडतं मात्र कुणालाच नाही. एकदा टाकीत उतरलेला माणूस गॅसने बेशुद्ध पडला. त्याला काढायला दुसरा तसाच, मास्क न लावता उतरला. पहिला वाचला. दुसरा, रोज माझ्याबरोबर डबा खाणारा, गेला. परमिटवर सही माझी नव्हती, पण झोप माझीच उडाली.

निवृत्तीनंतर सोसायटीचं आगीचं काम अंगावर घेतलं. जानेवारी-जुलैत एजन्सीच्या मागे लागून फॉर्म 'बी' मिळवतो, होज उलगडून पाणी सोडून बघतो. जिन्यातल्या सायकली हलवा म्हणून दारोदार फिरतो, त्यावरून बी विंगची पोरं मला 'सायकलकाका' म्हणतात. म्हणू द्या! पण सायकली अजून तिथेच आहेत.

संध्याकाळी गच्चीवर बासरी वाजवतो. बेसूरच, शेजाऱ्यांना विचारा. पण त्या निमित्ताने गच्चीच्या दाराला कुणी कुलूप घातलंय का, ते रोज कळतं.