वजन उतरवायचे असेल तर फळ खावे की सोडावे?



एरवी मी तुमच्याशी बोलतो ते खत, पाणी, छाटणी आणि फवारणीबद्दल. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तो बागेतूनच निघाला. गेल्या हिवाळ्यात एका गावी पेरूच्या बहाराविषयी सभा होती. सभा आटोपली, मंडळी पांगली, तरी पन्नाशीचे एक बागायतदार मागे घोटाळत राहिले. त्यांना आपण तात्या म्हणू. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "साहेब, एक इचारू का? पिकाचं न्हाई, माझंच हाय."

गुडघे दुखतात म्हणून ते दवाखान्यात गेले होते. काट्यावर उभे केले तर वजन भरले 91 किलो. डॉक्टरांनी सांगितले, दहा किलो तरी उतरवा, नाहीतर गुडघ्यांचे पुढे कठीण आहे. शिवाय रक्तातली साखरही काठावर आलीय. तात्यांनी त्याच दिवसापासून फळ बंद केले. "फळात साखर असती म्हणत्यात न्हवं?" दीड एकर सरदार पेरूची बाग, आणि दिवाळीपासून या माणसाने एक फोड तोंडात टाकली नव्हती. वजन मात्र 91 चे 92 झाले होते.

मी म्हटले, "तात्या, कालचा दिवस सांगा. उठल्यापासून निजेपर्यंत काय काय पोटात गेलं?" ते बांधावर बसून आठवून आठवून सांगू लागले. चहा सहा वेळा, दर वेळी दोन चमचे साखर. सकाळच्या चहाबरोबर बिस्किटाचा अर्धा पुडा. दुपारी तीन भाकरी, रात्री तीन भाकरी, भाजीवर तेलाचा तवंग. संध्याकाळी स्टँडवर भज्यांची एक प्लेट, आणि कुणी पाहुणा भेटला तर आणखी एक.

मग कामाचे विचारले. पूर्वी मळ्यात दोन खेपा पायी व्हायच्या, आता मोटरसायकल आहे. विहिरीवरची मोटर घरात बसून मोबाइलवर सुरू होते. नांगरट ट्रॅक्टर करतो. म्हणजे काम निम्म्यावर आले आणि ताट मात्र नांगर हाकण्याच्या दिवसांचेच राहिले. वजन वाढले ते इथे. पेरू बिचारा उगीच बदनाम झाला.

आता थोडा हिशेब करू. अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकात मोजतात. एक चमचा साखर म्हणजे 5 ग्रॅम, म्हणजे 20 उष्मांक. सहा चहांचे बारा चमचे झाले, त्यांचे 240 उष्मांक. एका चांगल्या जाड भाकरीइतके. आणि ही साखर रोज 60 ग्रॅम, म्हणजे वर्षाला जवळजवळ 22 किलो. हा आकडा ऐकून तात्या गप्पच झाले.

पेरूत 100 ग्रॅमला साधारण 50 ते 70 उष्मांक असतात. त्यात साखर 9 ग्रॅमच्या आसपास, बाकी बहुतेक पाणी आणि 5 ग्रॅम चोथा. क जीवनसत्त्व भरपूर. पपईचे उष्मांक 40 च्या आत-बाहेर, कलिंगडाचे त्याहून कमी, संत्र्याचे 50 च्या जवळ, आंब्याचे 60 ते 75. केळी, चिकू आणि सीताफळ ही अंगाने जड फळे, 100 ग्रॅमला 80 ते 115 पर्यंत जातात. याउलट शेव-फरसाण 100 ग्रॅम खाल्ले तर पाचशेच्या वर उष्मांक होतात, आणि 100 ग्रॅम शेव गप्पांच्या नादात कधी संपते ते कळत नाही. अर्धा किलो पेरू गप्पांच्या नादात खाऊन दाखवा बरं! जबडा दुखेल. चावावे लागते, चोथ्याने पोट भरते, हात आपोआप थांबतो.

पण एक अट आहे, आणि आजच्या बोलण्यात ध्यानात ठेवायची गोष्ट हीच. फळ हे कशाच्या तरी बदली खायचे, वरून नव्हे. सहा चहा, सहा भाकरी, भजी, आणि "साहेबांनी सांगितलं" म्हणून वर चार केळी, असे केले तर वजन वाढणारच. बिस्किटाच्या जागी पेरू, भज्यांच्या जागी पपईची मोठी फोड, जेवणानंतरच्या गोडाऐवजी संत्रे, अशी अदलाबदल करायची. तात्यांना मी एवढेच सांगितले: चहा सहाचे तीन करा, साखर एक चमचा, संध्याकाळी स्टँडवर जाण्याआधी बागेतला एक पेरू चावून खा, भाकरी एका वेळी दोन, आणि सुटलेल्या भाकरीची जागा भाजीने व डाळीने भरा. मळ्यात एक खेप पायी करा.

दुसरी गोष्ट रसाची. बरेच जण म्हणतात, फळ काय आणि फळाचा रस काय, एकच. एक नाही. 1977 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथल्या डॉक्टरांनी दहा निरोगी माणसांवर साधा प्रयोग केला. सारखीच साखर पोटात जाईल अशा बेताने एकदा अख्खी सफरचंदे, एकदा त्यांचा गर आणि एकदा रस दिला. सफरचंद खायला जेवढा वेळ लागला त्याच्या अकराव्या हिश्शात रस पिऊन झाला. पोट भरल्यासारखे वाटले ते सफरचंदाने सर्वांत जास्त, रसाने सर्वांत कमी. आणि रस प्यायल्यावर रक्तातली साखर आधी चढली नि मग झपकन खाली आली. तशी ती आली की माणूस परत खायला शोधतो.

एक ग्लास संत्र्याच्या रसाला तीन-चार संत्री लागतात. तेवढी सोलून, बिया काढून, आपण एका बैठकीला खातो का? उसाच्या रसाचे तर बोलूच नका. मोठ्या ग्लासात सहा-सात चमचे साखर असते. वजन उतरवणाऱ्याने रसवंतीवर गप्पा माराव्यात, रस दुसऱ्याला पाजावा. बेदाणे आणि खजूर यांचेही तसेच. पाणी गेलेले, साखर राहिलेली, चिमूटभर ठीक.

आंब्याच्या बाबतीत मला नेहमी हसू येते. मे महिन्यात वजन वाढले की लोक आंब्याला दोष देतात. पण आंबा आपण खातो कसा? वाट्यांनी आमरस, त्यात साखर, वर तुपाची धार, आणि सोबत सात-आठ पुऱ्या. नाव आंब्याचे, काम पुरीचे. एक मध्यम आंबा दुपारी कापून खा आणि त्या दिवशी एक पोळी कमी करा, काही बिघडत नाही. केळ्याचेही तसेच. एक केळे चालते. साखर घातलेले वाटीभर शिकरण चालत नाही.

उपासाचेही सांगतो. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा कूट, तूप, बटाट्याचा कीस, म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. त्यापेक्षा उपासाला फळ आणि ताक घेतले तर उपासही होईल आणि पोटही हलके राहील. परंतु याच्या दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. माझ्या जवळच्या नात्यातल्या एक काकू बारा दिवस नुसत्या फळांवर राहिल्या, वजन झटपट उतरते असे कुणीतरी सांगितले म्हणून. तेराव्या दिवशी गोठ्यात शेण काढताना भोवळ येऊन पडल्या. फळात प्रथिने फार थोडी. डाळ, दूध, अंडी, उसळ सोडून माणूस कष्ट करू शकत नाही. महिन्याला एक-दोन किलो उतरले तर पुष्कळ झाले.

ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी तर जेवण चुकवून फळांवर राहण्याचा प्रयोग अजिबात करू नये. साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते. शेतात एकटे असाल तर जिवावर बेतेल. अख्खे फळ बेताने त्यांनाही चालते, किती ते डॉक्टरांना विचारून ठरवा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी केळी आणि शहाळ्याचे पाणी विचारल्याशिवाय घेऊ नये.

बाकीच्यांनी किती खावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत रोज 100 ग्रॅम फळ आणि 400 ग्रॅम भाजी सांगितली आहे. 100 ग्रॅम म्हणजे एक लहान पेरू. एवढेसुद्धा आपल्या किती घरांत होते? मी बागा पाहत हिंडतो. पहिल्या प्रतीचा माल पेटीत, दुसऱ्या प्रतीचा बाजारात, आणि डागी फळ घरच्या टोपलीत, तेही पोरांनी उचलले तर. त्याच घरात किराण्याच्या यादीवर बिस्किटाचे दहा पुडे असतात. हे मला पटत नाही, स्पष्टच सांगतो.

पोट सुटले आहे की नाही हे पाहायला काटा लागत नाही. शिंप्याची टेप बेंबीच्या पातळीवर धरा. पुरुषाचा घेर 90 सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा 80 च्या वर गेला असेल तर सावध व्हा.

बागेतले फळ खाताना एक काळजी घ्या. फवारणी झाली असेल तर औषधाच्या लेबलावर काढणीआधी जितके दिवस थांबायला सांगितले आहे तितके दिवस फळ तोंडात घालू नका, मुलांनाही देऊ नका. फळ वाहत्या पाण्यात धुऊनच खा.

तात्या उन्हाळ्यात पुन्हा भेटले. वजन 87 वर आले होते. गुडघे अजून दुखतात, पण जिना चढताना कठडा धरावा लागत नाही म्हणाले. भजी पूर्ण सुटलेली नाहीत, बाजाराच्या दिवशी खातात. मी काही बोललो नाही.

ज्यांच्याकडे बाग नाही त्यांनी घरापुरती दोन पेरूची कलमे आणि दोन-तीन पपया परसात लावाव्यात. बांधावर सीताफळ लावा, त्याला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. पेरूसाठी 60 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल असे खड्डे उन्हाळ्यातच घेऊन तापू द्या. पावसाच्या तोंडाला चांगली माती आणि कुजलेले शेणखत भरून कलमे लावा. तिसऱ्या वर्षी घरापुरते फळ येईल. पपई नऊ-दहा महिन्यांत सुरू होते, मात्र तिच्या बुडाशी पाणी साचू देऊ नका. न्हाणीचे पाणी तिथेच तुंबत असेल तर जागा बदला.