कार्यप्रणाली बदलल्यावर लॅपटॉप मुका का होतो?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय कारागिराचा आहे, शिक्षकाचा नव्हे, असे आपणांपैकी काहींना वाटण्याचा संभव आहे. शाळेतील लॅपटॉपचा आवाज बंद पडला तर तो दुरुस्तीच्या दुकानी द्यावा आणि आपण आपले अध्यापन करावे, ही श्रमविभागणी सर्वसाधारणपणे योग्यच आहे. तथापि ज्या अडचणीविषयी मी बोलणार आहे तिच्यात बहुधा यंत्र बिघडलेले नसतेच. अशा वेळी ते दुकानी नेण्यात पैसा जातो, वेळ जातो, आणि पुष्कळदा चांगले यंत्र ‘नादुरुस्त’ असा शेरा मिळून निर्लेखनाच्या यादीत जाऊन पडते. हे टाळणे आपल्या हाती आहे.

हा प्रश्न आताच का उद्भवला, ते प्रथम पाहू. आपल्या शाळांतील पुष्कळ लॅपटॉप विंडोज १० या कार्यप्रणालीवर चालत होते. तिला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा मोफत सुरक्षा-पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढची विंडोज ११ ही प्रणाली २०२१ मध्ये आली. परंतु तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचे म्हणावयाचे तर साधारणतः आठव्या पिढीपासूनचे. जुने लॅपटॉप या कसोटीस उतरत नाहीत. म्हणून कित्येक शाळांनी उबुंटू किंवा लिनक्स मिंट यांसारख्या विनामूल्य प्रणाली बसवून घेतल्या आहेत. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. केरळमधील सरकारी शाळांत लिनक्सवर आधारलेली प्रणाली अनेक वर्षे वापरात आहे.

प्रणाली बदलली की लिहिण्या-वाचण्याची कामे सहसा बिनबोभाट चालू लागतात. अडते ते माध्यमांचे: आवाज येत नाही, चित्रफीत लागत नाही, कॅमेरा काळा दिसतो, प्रोजेक्टरवर नुसता निळा पडदा राहतो. आणि प्राथमिक शाळेला लॅपटॉपचा खरा उपयोग तर याच गोष्टींसाठी असतो. ज्या मुलाच्या कानावर घरी इंग्रजीचा एक शब्दही पडत नाही, त्याला पहिलीत इंग्रजी उच्चार ऐकविणारे ते यंत्र मुके झाले, तर नुकसान यंत्राचे नव्हे, त्या मुलाचे आहे.

मी पाहिलेल्या एका शाळेचे उदाहरण सांगतो. तेथील लॅपटॉपवर नवी प्रणाली बसविली आणि आवाज गेला. चार महिने मुले हलती चित्रे पाहत होती आणि गुरुजी त्यांवर तोंडी निवेदन करीत होते. स्पीकर जळाले असा सर्वांचा समज झाला होता. निर्लेखनाचा प्रस्ताव लिहून तयार होता. मी गेलो त्या दिवशी सातवीतील एका मुलीने विचारले, “गुरुजी, आवाज येत नाही, मग तो जातो कुठे?” प्रश्न अगदी नेमका होता. आवाज खरोखरच दुसरीकडे जात होता. प्रोजेक्टरची वायर जोडलेली होती, आणि नव्या प्रणालीने तो प्रोजेक्टरकडे पाठविला होता. त्या प्रोजेक्टरला स्पीकरच नव्हता. एक निवड बदलताच वर्ग दणाणून गेला.

असे का होते? शाळेत नवे मुख्याध्यापक पदभार घेतात तेव्हा इमारत तीच असते, कपाटेही तीच असतात. पण कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे त्यांना ठाऊक नसते. कार्यप्रणाली बदलणे म्हणजे असाच पदभार बदलणे होय. स्पीकर, ध्वनिग्राहक, कॅमेरा हे भाग जागेवर असतात. त्यांना चालविणारे ड्रायव्हर नावाचे छोटे सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक प्रणालीचे निराळे असते. शिवाय जुन्या प्रणालीत आपण करून ठेवलेल्या निवडी नव्या प्रणालीत उतरत नाहीत. म्हणून दोष शोधताना क्रम असा असावा: आधी निवडी, मग फाइल, त्यानंतर ड्रायव्हर, आणि सर्वांत शेवटी यंत्र. आपण बहुधा नेमके उलट करतो.

आता आवाजाचा क्रम सविस्तर सांगतो. पहिली गोष्ट, हेडफोनच्या छिद्रात एखादी पिन राहिली आहे काय आणि आवाज बंद करण्याची कळ दाबली गेली आहे काय, ते पाहावे. काही लॅपटॉपांत या कळा ‘एफएन’ कळीबरोबर दाबाव्या लागतात. प्रणाली बदलल्यावर कळीवरचा छोटा दिवा कधी कधी खोटे सांगतो. म्हणून दिव्यावर न विसंबता पडद्यावरील आवाजाचे चिन्ह पाहावे.

दुसरी गोष्ट, सेटिंग्जमध्ये साउंड या विभागात जाऊन आउटपुट कोणते निवडले आहे ते पाहावे. एचडीएमआय वायरीतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात; त्यामुळे संगणक प्रोजेक्टरला एक जादा स्पीकरच समजतो. तेथे लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर निवडावा. याउलट जुन्या व्हीजीए वायरीतून केवळ चित्र जाते. अशा प्रोजेक्टरबरोबर मोठा आवाज हवा असेल, तर लॅपटॉपच्या हेडफोनच्या छिद्रातून बाहेरच्या स्पीकरला वेगळी वायर द्यावी लागते. तो दोष नव्हे, त्या वायरीचा स्वभाव आहे.

तिसरी गोष्ट लिनक्स वापरणाऱ्यांसाठी. टर्मिनल उघडून अल्सामिक्सर हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत टंकावा: ए, एल, एस, ए, एम, आय, एक्स, ई, आर. एफ ६ कळीने ध्वनिकार्ड निवडावे. पडद्यावर उभे स्तंभ दिसतील. मास्टर किंवा स्पीकर या स्तंभाखाली एम अक्षर दोनदा दिसले, तर तो मार्ग बंद आहे असे समजावे. बाणाच्या कळीने त्या स्तंभावर जाऊन एम दाबले की तो उघडतो, आणि वरच्या बाणाने आवाज वाढतो. वरच्या पट्टीत आवाज पूर्ण दिसत असूनही काही ऐकू येत नाही, अशी कित्येक प्रकरणे येथेच मिटतात.

चौथी गोष्ट, आउटपुटच्या यादीत ‘डमी आउटपुट’ एवढेच दिसत असेल, तर प्रणालीला ध्वनिकार्ड सापडलेलेच नाही. तेव्हा इंटरनेट जोडून सर्व अद्ययावत भाग उतरवून घ्यावेत आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. ज्यांनी विंडोजच नव्याने बसविले असेल त्यांनी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह कोठे आहे ते पाहावे, आणि लॅपटॉपच्या खालच्या बाजूस छापलेला मॉडेल क्रमांक घेऊन निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्या भागाचा ड्रायव्हर घ्यावा. कोणत्याही अनोळखी ठिकाणाहून ड्रायव्हर घेऊ नये.

आता चित्रफितीकडे वळू. एक फाइल नीट वाजते आणि दुसरी वाजत नाही, असे असेल तर स्पीकर निर्दोष आहे हे सिद्धच झाले. दोष फाइल उलगडण्यात आहे. चित्र आणि ध्वनी फार जागा घेतात म्हणून ते एका विशिष्ट रीतीने दाबून साठविलेले असतात, आणि ते उलगडण्यासाठी कोडेक नावाचे सॉफ्टवेअर लागते. एच. २६४ सारख्या काही रीतींवर पेटंट-हक्क असल्यामुळे अनेक विनामूल्य प्रणाली त्यांचे कोडेक आरंभी सोबत देत नाहीत. उबुंटू बसविताना जादा माध्यम-प्रकारांसाठी एक चौकट येते. तिच्यात खूण करावी. ती राहून गेली असल्यास ‘उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ हा संच नंतरही बसविता येतो. लिनक्स मिंटमध्ये ‘मल्टिमीडिया कोडेक्स’ अशी निवड असते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे व्हीएलसी हे विनामूल्य सॉफ्टवेअर. पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या उपक्रमातून, १९९६ च्या सुमारास, त्याचा उगम झाला. बहुतेक प्रकारच्या फाइली उलगडण्याची साधने त्याच्या सोबतच येतात. ज्या शाळेत इंटरनेट नाही, तेथील शिक्षकांनी प्रणाली बसविण्याच्या ठिकाणीच हे घालून घ्यावे आणि शाळेतील दोन-तीन फाइली तेथेच लावून पाहाव्यात.

चित्र अडखळत असेल तर त्याचे कारण निराळे आहे. आजचे काही मोबाइल एच. २६५ या अधिक दाबलेल्या रीतीने चित्रण करतात. जुन्या प्रोसेसरला ते उलगडताना धाप लागते. अशा वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्यात जुन्या रीतीची निवड करावी, आणि संकेतस्थळावरून चित्रफीत घेताना १०८० ऐवजी ७२० ची घ्यावी. वर्गातील पडद्यावर मुलांना हा फरक सहसा जाणवत नाही.

कॅमेऱ्याच्या बाबतीत आपली स्थिती बरीच बरी आहे. बहुतेक लॅपटॉपांचे कॅमेरे एका सर्वमान्य मानकाप्रमाणे बनविलेले असतात, म्हणून त्यांना वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. पडदा काळा दिसला तर कॅमेऱ्यावरची सरकती झडप, कॅमेरा बंद करण्याची कळ, आणि ब्राउझरला दिलेली परवानगी, या तीन गोष्टी पाहाव्यात. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने कॅमेरा अडवून ठेवला असेल तर ते बंद करावे. ध्वनिग्राहकासाठी साउंड विभागातच इनपुट पाहावे. आपण बोलत असता तेथील पट्टी हलली, तर तो काम करीत आहे.

प्रोजेक्टरवर नुसती पार्श्वभूमी दिसते आणि धडा दिसत नाही, ही तक्रारही नेहमीची आहे. नव्या प्रणालीने दोन पडदे जोडून एक लांब पडदा केलेला असतो, आणि आपली खिडकी लॅपटॉपच्या भागात राहिलेली असते. विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि पी ही अक्षराची कळ एकत्र दाबून दोन्हीकडे तेच चित्र दाखविण्याची निवड करावी. उबुंटूतही हीच जोडी चालते.

एवढे करूनही यश आले नाही, तर निर्णायक परीक्षा पेनड्राइव्हची. उबुंटू किंवा मिंट पेनड्राइव्हवरूनच, लॅपटॉपवर काही न बसविता, चालवून पाहता येते. तेथे आवाज आला तर यंत्र चांगले आहे आणि दोष बसविलेल्या प्रणालीत आहे. वस्तुतः ही परीक्षा प्रणाली बदलण्यापूर्वीच करावी. आवाज, चित्रफीत, कॅमेरा, ध्वनिग्राहक, प्रोजेक्टर या पाच गोष्टी तपासाव्यात, शाळेच्या सर्व फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, आणि मगच पुढे जावे.

दोन निरनिराळ्या प्रणालींतही स्पीकर गप्प राहिला आणि हेडफोनमध्ये मात्र आवाज आला, तर लॅपटॉपचे स्पीकर किंवा त्यांची जोडणी गेली असे मानण्यास आधार आहे; तेव्हा हेडफोनच्या छिद्रातून बाहेरचा स्पीकर जोडून काम चालते. हेडफोनही गप्प राहिला, तर यूएसबीला लावावयाचे छोटे ध्वनिकार्ड मिळते. त्यालाही बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तात्पर्य, यंत्राचा एक भाग गेला म्हणजे सबंध यंत्र गेले असे नव्हे.

शेवटी एक विनंती. प्रत्येक लॅपटॉपासाठी एक साधी वही ठेवावी. प्रणाली केव्हा बदलली, कोणता दोष दिसला, कोणती एक गोष्ट बदलली आणि परिणाम काय झाला, हे तीत लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणत्या उपायाने आला ते कधीच कळत नाही. आपण विज्ञानाच्या तासाला दिवा लागत नाही तेव्हा मुलांना काय शिकवितो? सेल पाहा, वायर पाहा, कळ पाहा, मग दिव्याला दोष द्या. लॅपटॉपपुढे बसल्यावर आपण स्वतःच तो धडा विसरतो. वरच्या वर्गातील मुलांना या तपासणीच्या वेळी जवळ बसू द्यावे आणि वही त्यांच्याकडून लिहवून घ्यावी. ‘आवाज जातो कुठे?’ असा प्रश्न विचारणारी मुले आपल्या प्रत्येक शाळेत आहेत. निर्लेखनाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एकदा त्यांच्याबरोबर बसून या प्रश्नाचे उत्तर शोधावे, एवढेच माझे सांगणे आहे.