गाडी मध्येच थांबली तर

मासळी, भाजी, पापड घेऊन रोहा, नागोठणे, पेणहून पनवेलकडे जाणाऱ्या आपल्या गटांत कितीतरी जणी आहेत. म्हणून आज हप्त्यांचं नाही, गाडीतल्या जिवाचं बोलू.

निडी गाव आपल्याला ठाऊक आहे. ४ मे २०१४ ला तिथेच दिवा-सावंतवाडी पॅसेंजर रुळावरून घसरली. असा अपघात आपल्या हातात नसतो. पण गाडी थांबल्यावर काय करायचं, हे पुष्कळदा असतं.

२७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. आत हजाराहून जास्त माणसं, त्यांत गरोदर बायाही. रेल्वेने निरोप दिला, उतरू नका, गाडीतच थांबा. लोकांनी ऐकलं. बोटी आल्या, सगळे सुखरूप निघाले.

२२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा उठली. साखळी ओढली, माणसं शेजारच्या रुळावर उतरली, आणि त्यावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. बारा-तेरा जीव गेले. आग नव्हतीच.

शेजारच्या रुळावर गाडी येतेय का, हे आपल्याला डब्यातून कळत नाही. मागच्या डब्यातला गार्ड, ज्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, आणि पुढचा चालक वॉकीटॉकीवर बोलतात. धोका असेल तर समोरून येणारी गाडी थांबवायचं कामही त्यांचंच. त्याला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ आपण द्यायचा. आता वीरपर्यंत दोन रूळ झालेत, म्हणजे हा धोका आपल्याही दारात आहे.

जनरल आणि बायकांच्या डब्यात बहुतेक वेळा टीसी नसतो. म्हणून १३९ हा नंबर पाठ करा. फोन करताना गाडीचं नाव, डबा आणि मागचं स्टेशन सांगा.

धूर किंवा आग डोळ्यांनी दिसली तर मात्र थांबू नका. वाट असेल तर शेजारच्या डब्यात जा, साखळी ओढा. उतरावंच लागलं तर दुसरा रूळ नसलेल्या बाजूने. टोपली राहू दे, पोर उचला. दार अडलं तर लाल खुणेची संकटकाळची खिडकी शोधा.

विनाकारण साखळी ओढली तर हजार रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रॉकेल, गॅसची शेगडी गाडीत नेऊच नका.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने १३९ तोंडपाठ म्हणून दाखवायचा. आणि डब्यात कुणी "पळा" ओरडलं, तर आपल्यातल्या एकीने तरी विचारायचं, "कुठे दिसलं?"