फळीवर पाय ठेवण्यापूर्वी

(संस्थेच्या क्रीडादिनी हमरापूर येथे विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडा वाढवून लिहिला आहे.)



क्रीडादिनाला बोलण्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाने खेळाचे महत्त्व सांगावे, अशी रीत आहे. ते महत्त्व तुम्हांला ठाऊक आहे. मला खेळाबद्दल नव्हे, तर खेळ सुरू होण्यापूर्वीच्या दहा मिनिटांबद्दल बोलायचे आहे. या दहा मिनिटांकडे आपण सारेच दुर्लक्ष करतो. मीही केले होते. त्याची किंमत माझ्या एका विद्यार्थ्याने मोजली, म्हणूनच हा विषय मी मुद्दाम निवडला.

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक नव्हे. माझा विषय इतिहास. पण आपल्यासारख्या शाळांत ज्याचा आवाज मोठा त्याच्या गळ्यात शिट्टी पडते, तशी ती माझ्या गळ्यात पडली. दोन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत कबड्डीच्या सामन्यासाठी मी मुलांना घेऊन गेलो होतो. टेम्पो वाटेत रखडला. तासाभराहून अधिक वेळ मुले एकमेकांना खेटून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मैदानावर पोहोचलो तेव्हा आमच्या संघाचे नाव पुकारले जात होते. मी म्हणालो, “पोरांनो, वेळ नाही, सरळ उतरा.” तिसऱ्याच चढाईत आमच्या उत्तम खेळाडूने बोनस रेषेसाठी पाय लांबवला आणि मांडीचा मागचा भाग धरून तो जागीच बसला. स्नायू फाटला होता. सहा आठवडे तो लंगडत होता. पुढची निवड चाचणी, जिची तो वर्षभर वाट पाहत होता, त्याला देता आली नाही.

मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या अब्बांनी मला चहा दिला आणि म्हणाले, “सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. अल्लाहची मर्जी.” त्यांनी दोष दिला असता तर मला बरे वाटले असते. मर्जी त्याचीच, यात शंका नाही. पण उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण मुलांना मकतबमध्ये देतो. त्या दिवशी मी उंट बांधला नव्हता. आधी अंग गरम केले असते तर दुखापत झालीच नसती, असे मी छातीठोकपणे सांगत नाही. तसे कोणताच डॉक्टर सांगणार नाही. पण शक्यता नक्कीच कमी झाली असती, आणि माझ्या हाती तेवढेच होते.

त्या दिवसापासून आमच्या शाळेत शिट्टीआधी दहा मिनिटे पळणे आणि अंग मोकळे करणे सक्तीचे झाले. यंदा मात्र मला अडचणीत टाकणारा एक प्रश्न आला. आठवीतील एका मुलाचे मामू कुवेतहून रजेवर आले, त्यांनी भाच्यासाठी स्केटबोर्ड आणला. चार चाकांची ती फळी घेऊन मुलगा माझ्यापुढे उभा राहिला. म्हणाला, “सर, कबड्डीआधी तुम्ही आम्हांला पळायला लावता. याच्याआधी काय करायचे?” मला उत्तर देता येईना. मग वाचले, एका डॉक्टरांना विचारले, शारीरिक शिक्षणाचे शिक्षण घेतलेल्या मित्राला विचारले. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी या खेळाविषयी दोन शब्द. समुद्राच्या लाटांवर फळीने घसरत जाणाऱ्या अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मुलांनी १९५०च्या दशकात फळीला चाके लावली. लाटा नसतील त्या दिवशी रस्त्यावर तोच आनंद घ्यावा, ही कल्पना. १९७०च्या दशकात पॉलियुरेथेनची चाके आली, ती रस्त्याला घट्ट धरून चालू लागली आणि खेळ जगभर पसरला. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, त्याला प्रथमच स्थान मिळाले. तेथे मुलींच्या स्ट्रीट प्रकारात जपानची मोमिजी निशिया वयाच्या तेराव्या वर्षी सुवर्णपदक जिंकून गेली. आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ साली गुजरातमध्ये भरलेल्या ३६व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राला या खेळात सुवर्णपदक मिळवून दिले. म्हणजे ही श्रीमंतांच्या पोरांची थेरं आहेत असे समजून हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. आज गावात एक फळी आली आहे, उद्या पाच येतील. मुले शिकवणाऱ्याची वाट पाहत बसणार नाहीत.

आता मुख्य प्रश्न. अंग गरम का करायचे? हमरापुरात हे समजावून सांगण्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. आपल्या गावात घरोघरी गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. शाडूची माती आधी भिजवतात, मग मळतात, आणि मऊ झाल्यावरच ती साच्यात दाबतात. घट्ट माती तशीच वाकवली तर तिला तडा जातो, हे तुमच्यातल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिले आहे. आखाड्यातल्या जुन्या वस्तादांनाही हे ठाऊक होते. कुस्तीपूर्वी ते पोरांकडून हौद्यातली माती फावड्याने खणून घेत. माती भुसभुशीत होई आणि पोराचे अंगही तापे.

शरीरात घडते ते असे. आपण पळू लागलो की हृदय वेगाने चालते आणि हातापायांच्या स्नायूंना जास्त रक्त मिळते. स्नायूंचे तापमान वाढते. गरम स्नायू लवकर आकसतो आणि सहज सैल होतो. सांध्यांतले वंगण पसरते. मेंदूचा हुकूम पायापर्यंत अधिक चपळाईने जातो. स्केटबोर्डवर तर ही चपळाईच मुलाला सावरते. चाकाखाली एक खडा आला की फळी जागच्या जागी थांबते आणि मुलगा पुढे जातो. त्या क्षणी पाय किती लवकर पुढे पडतो, यावर सारे अवलंबून असते.

येथे मला स्वतःची आणखी एक चूक कबूल केली पाहिजे. आम्ही शिक्षक मुलांना रांगेत उभे करून थंड अंगानेच वाकायला लावायचो. पायाचे अंगठे धरा, धरून ठेवा, झटका द्या! ही पद्धत उलटी होती. थंड स्नायूला झटके देऊन ताणणे धोक्याचे असते. शिवाय खेळाच्या तोंडावर एखादा स्नायू मिनिटाहून अधिक वेळ ताणून धरला, तर लगेच नंतरच्या उडीतला जोर थोडा कमी पडतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. म्हणून क्रम लक्षात ठेवा : खेळापूर्वी हालचालीने अंग मोकळे करायचे आणि खेळानंतर स्थिर राहून ताण द्यायचा.

फळीवर चढणाऱ्या मुलाने करायचे ते असे.

पहिली तीन-चार मिनिटे भरभर चालावे, मग सावकाश पळावे किंवा जागच्या जागी धावावे. कपाळावर घामाचा थेंब दिसला की पुरे. धाप लागता कामा नये.

मग सांधे. खालून वर चढत जावे. एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाचा घोटा दहा वेळा एका बाजूने आणि दहा वेळा दुसऱ्या बाजूने फिरवावा. नंतर कमर, खांदे आणि शेवटी मनगटे. मनगटाला विसरू नये. या खेळात पडताना हात आपसूक पुढे जातो आणि सारा भार त्याच्यावर येतो.

त्यानंतर मोठ्या स्नायूंची पाळी. भिंतीला हात टेकवून एकेक पाय पुढे-मागे दहा वेळा झुलवावा, मग आडवा दहा वेळा. दहा अर्ध्या बैठका काढाव्यात. एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकत आठ-दहा पावले चालावे. फळीवर एक पाय सदा वाकलेला असतो आणि दुसरा रस्ता मागे ढकलत असतो. दोघांची कामे वेगळी, म्हणून तयारी मात्र दोघांची सारखी हवी.

मग जमिनीवर पाच-सहा छोट्या उड्या. येथे उंचीला महत्त्व नाही, उतरण्याला आहे. दोन्ही पाय एकदम, गुडघे वाकलेले, आवाज न होता. ज्याची उडी धपकन वाजते, त्याच्या गुडघ्याला तो धक्का बसतो.

शेवटी फळी मातीवर किंवा गवतावर ठेवावी, म्हणजे चाके फिरत नाहीत. तिच्यावर उभे राहून वजन टाचेवरून चवड्यावर आणि चवड्यावरून टाचेवर न्यावे. मग सिमेंटच्या रस्त्यावर दोन फेऱ्या अगदी सावकाश. एवढ्यात दहा मिनिटे संपतात आणि खेळ सुरू झालेला असतो.

खेळ संपल्यावर अंग अजून गरम असते. स्थिर ताण द्यायची वेळ ती. भिंतीला हात लावून एक पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली, म्हणजे पोटरीला ताण बसतो. उभे राहून एक टाच मागे पार्श्वभागाकडे ओढली की मांडीच्या पुढच्या भागाला बसतो. पाय पायरीवर सरळ ठेवून कमरेतून पुढे झुकले की मांडीच्या मागच्या भागाला. तळहात समोर धरून दुसऱ्या हाताने बोटे हळूच मागे खेचली की मनगटाला. प्रत्येक ताण वीस ते तीस सेकंद. श्वास रोखायचा नाही, झटका द्यायचा नाही. ओढ जाणवावी, कळ येऊ नये. यामुळे दुसऱ्या दिवशी अंग दुखणारच नाही असे नाही, पण नियमाने केल्यास सांधे मोकळे राहतात.

आता पडण्याविषयी. या खेळात पडणे चुकत नाही, म्हणून पडायलाही शिकावे लागते. तोल जातो आहे असे वाटताच गुडघे वाकवून खाली बसते व्हावे, हात छातीशी घ्यावे आणि खांद्यावरून लोळण घ्यावी. हात ताठ पुढे करून तळवा टेकला की मनगटाचे हाड मोडण्याची भीती. हे लोळणे आधी मऊ मातीवर शिकून घ्यावे. डोक्यावर हेल्मेट हवेच, मनगटाला आणि गुडघ्याला पट्टे हवेत. अंग कितीही गरम केले तरी डोक्याचे हाड त्याने जाड होत नाही. मामूंनी फळी आणली, त्यांना पुढच्या खेपेस हेल्मेट आणायला सांगा. किंबहुना ते येईपर्यंत फळी कपाटात ठेवा.

पालकांना चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, जागेची. मुंबई-गोवा महामार्ग आपल्याला जवळ आहे आणि त्याचा गुळगुळीतपणा मुलांना मोह घालतो. तेथे आणि वाहनांच्या कोणत्याही रस्त्यावर ही फळी नेता कामा नये. शाळेचे पटांगण किंवा अंगणातला कोबा पुरेसा आहे.

दुसरी, मुलींची. मुलींनी खेळू नये असे मानणाऱ्या पालकांशी मी आज वाद घालणार नाही. एवढेच सांगतो की, वर सांगितलेली प्रत्येक हालचाल सलवार-कमीज घालून नीट करता येते. ओढणी मात्र पिन लावून आत खोचलेली असावी. चाकात अडकली तर गळ्याशी येईल. ज्या मुली खेळत नाहीत, त्यांनीही ही दहा मिनिटे घरात करावीत. दिवसभर वाकून काम करणाऱ्या त्यांच्या अम्मींनीही करावीत.

तिसरी, रमजानची. रोजा असलेल्या मुलाने उन्हात धावपळीचा खेळ खेळू नये. इफ्तार झाल्यावर, पाणी पोटात गेल्यावर, थोडा वेळ हलका व्यायाम पुरे. ईदनंतर खेळ पुन्हा सुरू करताना पहिले काही दिवस बेताने घ्यावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाय मुरगळला की आपण तेल चोळतो, कुणीतरी जाणकार येऊन पाय ओढून बसवतो. ताज्या दुखापतीवर असे कधीही करू नका. खेळ थांबवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावा, पाय उशीवर उंच ठेवा. पायावर भार देता येत नसेल, सांधा वेडावाकडा दिसत असेल, तर लाकडाच्या पट्टीने आधार देऊन दवाखान्यात न्या. डोक्यावर पडून मूल बरळू लागले किंवा ओकू लागले, तर क्षणाचाही उशीर नको. वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असतात. तेथे झालेली चूक जन्माची खोड होऊन बसते.

तो कबड्डीपटू आज कॉलेजात आहे. अधूनमधून शाळेच्या मैदानावर येतो. परवा मी पाहिले, फळीवाल्या मुलाला तो घोटे फिरवायला लावत होता. “दहा झाले?” “झाले.” “दुसऱ्या बाजूने?” मुलगा गप्प. मग पुन्हा एकपासून मोजणी सुरू झाली. मी लांबूनच परत फिरलो. मी जे शिकवायला हवे होते, ते तो शिकवत होता.

वाचकहो, या सगळ्याला पैसा लागत नाही, साहित्य लागत नाही. दहा मिनिटे लागतात. उशीर झालेला असेल, शिट्टी वाजत असेल, लोक ओरडत असतील, नेमकी तेव्हाच ती लागतात. पंचांना हात करून सांगा, “साहेब, आमची मुले अजून तयार नाहीत.” फार तर एखादा गुण जाईल. मुलाचा पाय शाबूत राहील.

खुदा हाफिज.