पडद्यावरील ध्वज

राष्ट्रध्वजाविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं आरंभ साधारणतः रंगांपासून होतो. कोणता रंग कोणत्या गुणाचा, हें आपण शाळेंतच पाठ केलेलें असतें. आज मात्र आरंभ उलट बाजूनें करावा असें मनांत आहे. चित्रपटाच्या इतिहासांतील पहिलीं कित्येक दशकें बहुतेक चित्रपट काळ्या-पांढऱ्या छटांचेच होते. त्या पडद्यावर कोणाचाहि ध्वज फडकला तरी प्रेक्षकांच्या डोळ्यांना दिसे तो करड्या रंगाचा एक तुकडा. असें असूनहि प्रेक्षक भारावून जात, राज्यकर्ते अस्वस्थ होत आणि चित्रपटांचें परीक्षण करणारे अधिकारी कात्री उचलीत. ज्या चित्रांत रंगच नाहीं त्या चित्रांतील ध्वजाच्या अंगीं हें सामर्थ्य येतें कोठून, या प्रश्नाचा आपण आज थोडा विचार करूं.

पहिलें उदाहरण रशियाचें. १९०५ सालीं ‘पोटेमकिन’ नांवाच्या युद्धनौकेवरील खलाशांनीं बंड केलें. त्या बंडावर सर्गेई आयझेनस्टाइन या दिग्दर्शकानें वीस वर्षांनीं एक मूकपट काढला. बंडखोर खलाशी डोलकाठीवर तांबडें निशाण चढवितात असा त्यांत एक प्रसंग आहे. येथें दिग्दर्शकापुढें मोठी अडचण उभी राहिली. त्या काळच्या फिल्मवर तांबडा रंग काळा उमटे, आणि क्रांतीचें निशाण काळें दिसून कसें चालेल? तेव्हां चित्रणाच्या वेळीं पांढरें निशाण चढविण्यांत आलें, आणि मागाहून फिल्मच्या एकेका चौकटीवर हातानें तांबडा रंग भरण्यांत आला. डिसेंबर १९२५ मध्यें मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहांत हा चित्रपट प्रथम दाखविला गेला, तेव्हां साऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत तेवढें एकच निशाण रक्तवर्ण होऊन फडकलें. ज्या रंगाभोवतीं क्रांतीचें सारें प्रतीक उभें होतें, तो रंग प्रेक्षकांच्या कल्पनेवर सोडून देण्यास दिग्दर्शक तयार नव्हता, हें यावरून दिसतें.

आतां आपण आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. १९२९ सालीं कोल्हापुरांत ‘प्रभात’ फिल्म कंपनी स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षीं शांतारामबापूंनीं शिवाजीमहाराजांच्या आरंभकाळावर एक मूकपट तयार केला. महाराजांची भूमिका त्यांनीं स्वतःच केली होती. चित्रपटाचें मूळ नांव ‘स्वराज्याचें तोरण’. परीक्षण करणाऱ्या अधिकाऱ्यांना ‘स्वराज्य’ हा शब्द खुपला, आणि गडावर निशाण चढविण्याचें दृश्यहि खुपलें. नांव बदलून ‘उदयकाल’ ठेवावें लागलें, आणि त्या दृश्यावरहि कात्री चालली.

क्षणभर विचार करा. पडद्यावरचें निशाण होतें सतराव्या शतकांतील. त्याचा रंग भगवा असला तरी चित्रांत तो दिसणें शक्य नव्हतें. आणि मूकपट असल्यामुळें पात्रांच्या तोंडची एखादी घोषणाहि ऐकूं येणार नव्हती. मग इंग्रज सरकारनें त्यांत भिण्यासारखें पाहिलें तरी काय? सन १९३० हें मिठाच्या सत्याग्रहाचें वर्ष होतें. गांवोगांवीं प्रभातफेऱ्या निघत होत्या, मिरवणुकींत तिरंगा घेऊन चालणाऱ्यांवर लाठ्या पडत होत्या. अशा वेळीं अंधाऱ्या चित्रगृहांत बसलेला माणूस गडावरच्या त्या करड्या निशाणांत कोणता रंग पाहील, हें अधिकाऱ्यांनीं बरोबर ओळखलें होतें. रशियांत दिग्दर्शकाला जो रंग कुंचल्यानें भरावा लागला, तो येथें प्रेक्षक आपल्या मनानेंच भरीत होते. अधिकाऱ्यांची कात्री फिल्मवर चालली खरी, परंतु तिचा रोख प्रेक्षकांच्या मनाकडे होता.

ध्वजाचा अर्थ पाहणाऱ्याच्या मनांत घडतो, असें यावरून म्हणतां येईल. पण मग एकाच ध्वजाकडे पाहणाऱ्यांचीं मनें एकमेकांपासून दूर असलीं तर? हा प्रश्न कल्पनेंतला नाहीं. आपल्या तिरंग्याच्या घडणीमध्यें तो प्रत्यक्ष उभा राहिला होता, आणि त्याचें उत्तर शोधण्यांत आपल्या नेत्यांचीं पुष्कळ वर्षें खर्चीं पडलीं.

जर्मनींतील स्टुटगार्ट येथें २२ ऑगस्ट १९०७ रोजीं मादाम भिकाईजी कामा यांनीं आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेपुढें हिंदुस्थानचें म्हणून एक निशाण फडकविलें. त्यावर आठ कमळें होतीं, ‘वन्दे मातरम्’ हीं अक्षरें देवनागरींत होतीं, आणि खालच्या पट्ट्यावर सूर्य व चंद्रकोर होती. एवढीं चिन्हें एकाच कापडावर एकत्र आणण्यामागें, कोणीहि आपणांस वगळलें असें म्हणूं नये, ही धडपड स्पष्ट दिसते.

पुढें १९२१ सालीं बेझवाडा येथें पिंगळी व्यंकय्या यांनीं तांबड्या व हिरव्या रंगांचा आराखडा गांधीजींपुढें ठेवला. त्यांत पांढरा पट्टा आणि चरखा यांची भर पडली. तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्व धर्मीयांचा, असा त्या वेळचा अर्थ होता. हेतु ऐक्याचाच, परंतु एकदां पट्ट्यांची अशी वांटणी केली कीं आपला रंग कोणता आणि तो वर कां खालीं, अशी मोजणी सुरू होते. इतर समाजांनींहि आपापल्या रंगाची मागणी केली. तेव्हां १९३१ सालीं काँग्रेसनें सात जणांची एक समिति नेमली. वाद मुळांतूनच मिटावा म्हणून त्या समितीनें सबंध केशरी ध्वज सुचविला. तो मान्य झाला नाहीं. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मुंबईस भरलेल्या बैठकींत केशरी, पांढरा व हिरवा असे तीन पट्टे आणि मध्यें निळा चरखा असा ध्वज ठरला. या रंगांना जातीय अर्थ नाहीं, हें ठरावांतच सांगून टाकलें. केशरी धैर्याचा व त्यागाचा, पांढरा सत्याचा व शांतीचा, हिरवा श्रद्धेचा व शौर्याचा, आणि चरखा सामान्य जनांच्या आशेचा.

माझ्या मतें आपल्या ध्वजाच्या इतिहासांतील सर्वांत मोठी घटना हीच. तांबड्याचा केशरी झाला आणि पट्ट्यांचा क्रम बदलला, हा फरक डोळ्यांना दिसतो. खरा फरक झाला तो अर्थांत. कोणताहि पट्टा कोणा एकाचा राहिला नाहीं, आणि म्हणूनच संबंध ध्वज सर्वांचा होऊं शकला.

पुढें २२ जुलै १९४७ रोजीं घटना समितीपुढें पंडित नेहरूंनीं ठराव मांडला, आणि चरख्याच्या जागीं सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आलें. त्याचें एक कारण अगदीं व्यवहारांतलें होतें. चरख्याची आकृति एका बाजूनें पाहिली तर सरळ आणि दुसऱ्या बाजूनें पाहिली तर उलटी दिसते; चक्र दोन्हीं बाजूंनीं सारखेंच. तरीहि हें चक्र चरख्याचेंच प्रतीक आहे, असें ठरावांत नमूद करून जुन्या चिन्हाशीं असलेलें नातें राखण्यांत आलें. त्या दिवसांचीं चलच्चित्रें आज आपण पाहतों तीं बहुतेक काळीं-पांढरीं आहेत. त्यांत केशरी कोणता आणि हिरवा कोणता हें सहसा ओळखूं येत नाहीं. ओळखूं येतें तें मधलें चक्र. तरीसुद्धां तीं चित्रें पाहतांना आपणांस ध्वज तिरंगीच दिसतो.

प्रेक्षकाच्या मनाची ही शक्ति सर्वस्वीं निर्धोक आहे असें मात्र नाहीं. सप्टेंबर १९३४ मध्यें न्यूरेंबर्ग येथें भरलेल्या नाझी पक्षाच्या मेळाव्यावर लेनी रीफेनस्टाल या बाईंनीं चित्रपट काढला, आणि तो पुढच्या वर्षीं मार्चमध्यें प्रदर्शित झाला. उंचावरून दृश्य टिपतां यावें म्हणून निशाणांच्या उंच खांबाला पाळणा लावून त्यांतून कॅमेरा वर चढविला होता. पडद्यावर निशाणांचें अरण्य पुढें सरकत येतें, आणि तीं धरणाऱ्या माणसांचे चेहरे त्यांत लोपून जातात. स्वस्तिकाचें तें निशाण त्या वेळीं जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज झालेलें नव्हतें. तसा कायदा झाला १५ सप्टेंबर १९३५ रोजीं. म्हणजे पडदा आधीं आणि कायदा मागाहून. त्याच दिवशीं झालेल्या दुसऱ्या एका कायद्यानें ज्यूंना हा राष्ट्रध्वज फडकविण्याची बंदी झाली. मुंबईच्या ठरावाच्या शेजारीं हें ठेवून पाहावें. एका ध्वजाचा अर्थ कोणाला वगळूं नये म्हणून घडविला गेला, आणि दुसऱ्याचा कोणाला वगळावयाचें हें दाखविण्यासाठीं.

याला चित्रपटानेंच दिलेलें उत्तरहि प्रसिद्ध आहे. चार्ली चॅप्लिन यानें १९४० सालीं ‘द ग्रेट डिक्टेटर’ काढला. त्यांत टोमेनिया नांवाचें एक काल्पनिक राष्ट्र आहे, आणि त्याच्या निशाणावर स्वस्तिकाच्या जागीं दोन फुल्या आहेत. मूळ निशाण कोणतें हें प्रेक्षकांना सांगावें लागलें नाहीं. ज्या आकृतीपुढें लक्षावधि माणसांनीं हात उंचावले होते, ती दोन फुल्यांनीं हास्यास्पद करून टाकली. चिन्हाला मोठेपणा देणारें मन तो काढूनहि घेऊं शकतें, हेंच त्या हंशानें दाखविलें.

आतां आपल्या आजच्या चित्रगृहांत येऊं. १९६२ च्या चीनशीं झालेल्या युद्धानंतर चित्रपटाच्या अखेरीस राष्ट्रगीत वाजविण्याची प्रथा पडली. लोक दारांकडे धांवूं लागले तशी ती पुढें मागें पडली. महाराष्ट्रांत २००३ पासून चित्रपटाच्या आरंभीं राष्ट्रगीत सुरू झालें. ३० नोव्हेंबर २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सर्व देशांतील चित्रगृहांना आज्ञा केली कीं चित्रपटापूर्वीं राष्ट्रगीत वाजवावें, पडद्यावर राष्ट्रध्वज दाखवावा आणि प्रेक्षकांनीं उभें राहावें. जानेवारी २०१८ मध्यें न्यायालयानेंच हा आदेश बदलला, आणि राष्ट्रगीत वाजविण्याची सक्ति राहिली नाहीं. वाजविलें तर मान राखावा एवढें मात्र कायम आहे.

उभें राहण्याची चाल चांगली आहे, आणि ती राहावी असेंच मला वाटतें. चारशें अनोळखी माणसें क्षणभर एकाच गोष्टीसाठीं उठतात, यांत लहानसहान आनंद नाहीं. परंतु २०१६ सालींच गोव्यांतील एका चित्रगृहांत, उठतां न येणाऱ्या एका अपंग प्रेक्षकाला, तो उभा राहिला नाहीं म्हणून मार बसल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें होतें. मारणाऱ्यांची नजर त्या वेळीं कोठें होती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ती नजर पुढच्या पडद्याकडे असती तर शेजारचा माणूस बसला आहे हें त्यांना दिसलेंच नसतें. ध्वज दुसऱ्यावर पहारा ठेवण्याचें निमित्त झाला, कीं त्याचे रंग फिके पडूं लागतात. अपंगांना उभें राहण्यांतून सूट असल्याचें न्यायालयानें पुढें स्पष्ट केलें. पण ती गोष्ट न्यायालयानें सांगावी लागली, हेंच खेदाचें आहे.

ध्वजासंबंधीं इतर नियम उत्तरोत्तर सैल होत आले आहेत. २००२ च्या ध्वजसंहितेनें सामान्य नागरिकाला वर्षांतील कोणत्याहि दिवशीं आपल्या घरावर ध्वज लावण्याची मुभा दिली, आणि २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचें मान्य केलें. पूर्वीं तो हातानें कातलेल्या व विणलेल्या कापडाचाच असावा लागे. २०२१ च्या अखेरीस यंत्रावर तयार केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजालाहि परवानगी मिळाली. चरख्याची आठवण राखणारें चक्र आतां चरख्याशीं संबंध नसलेल्या कापडावरहि फिरूं शकतें. याचें कोणाला वाईट वाटेल, तर कोणाला ध्वज घरोघरीं पोंचला याचें समाधान वाटेल. दोन्हीं भावना समजण्यासारख्या आहेत.

कायदा ध्वजाचें प्रमाण ठरवूं शकतो. आपल्या ध्वजाची लांबी व रुंदी तीनास दोन अशी ठरलेलीच आहे. कापड कोणतें, रंगांचा क्रम कसा, चक्राला आरे किती, हेंहि तो ठरवितो. १९३० सालच्या अधिकाऱ्यांनीं मात्र एक गोष्ट पुरती ओळखली होती, आणि ती आज आपणहि लक्षांत ठेवावी. फिल्मवरचें निशाण कापतां येतें, पण पाहणाऱ्याच्या मनांतला रंग कापतां येत नाहीं. आणि तेथें तो नसला, तर कोणत्याहि हुकुमानें तो भरतांहि येत नाहीं. १९३१ च्या ठरावानें कोणताहि पट्टा कोणा एकाचा ठेवला नाहीं. तें वचन पाळण्याचें काम पडद्याचें किंवा न्यायालयाचें नाहीं. तें चित्रगृहांत शेजारीं शेजारीं बसणाऱ्या आपणा सर्वांचें आहे.