हृदयाचा आलेख आणि रुंदावलेल्या रोहिण्या

अरुंद पाटांतून पाणी खळाळत धांवतें. तोच पाट मध्येंच रुंद झाला, तर पाणी मंदावतें आणि तेथें गाळ सांचतो. हृदयाच्या स्नायूंस रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांतहि कधीं कधीं असाच प्रकार घडतो. रोहिणीचा एखादा भाग शेजारच्या निरोगी भागाच्या दीडपट किंवा अधिक रुंद झाला, म्हणजे ती रोहिणी रुंदावली असें वैद्य मानतात. रोहिण्या अरुंद झाल्यानें अपाय होतो, हें सर्वश्रुत आहे. रुंदावल्यानेंहि तो होऊं शकतो, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. तेथें रक्त रेंगाळतें, क्वचित् गुठळी होते, स्नायूंस प्राणवायु कमी पडतो आणि हृदयाचा ताल बिघडण्याचा संभव उत्पन्न होतो.

हा ताल कागदावर उतरविण्याचें उत्तम साधन लायडनच्या आइंथोव्हेन यांनीं सिद्ध केलें; त्याबद्दल त्यांस १९२४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. आलेखांतील लाटांस त्यांनीं दिलेलीं पी, क्यू, आर, एस, टी हीं नांवें आजहि रूढ आहेत. कागद सामान्यतः सेकंदास २५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक बारीक चौकट ०.०४ सेकंदाची.

रुंदावलेल्या रोहिण्यांच्या रोग्यांत संशोधकांनीं विशेषतः तीन खुणा तपासल्या: बारा नोंदींतील पी लाटेच्या रुंदींतील तफावत, क्यूपासून टीच्या अखेरपर्यंतच्या काळांतील तफावत आणि टीच्या शिखरापासून शेवटापर्यंतचा काळ. अनेक पाहण्यांत हीं मापें निरोगी माणसांहून अधिक आढळलीं. भजनांतील टाळकरी एकदम न थांबतां मागेंपुढें थांबावे, तसे स्नायूंचे निरनिराळे भाग वेगवेगळ्या क्षणीं विसांवा घेतात, असा यांतील शेवटच्या दोन खुणांचा अर्थ मानला जातो.

परंतु येथें विवेक हवा. या पाहण्या बहुधा थोड्या रोग्यांवरील आहेत. शिवाय चौकटीच्या अंशाएवढा फरक मोजतांना चूक होणें सोपें. खूण आढळली म्हणजे ताल बिघडेलच, असें सिद्ध झालेलें नाहीं. उलट, आलेख स्वच्छ आला म्हणून रोहिण्या निर्दोष ठरत नाहींत. त्यांची रुंदी मुख्यतः अँजिओग्राफीनें कळते. यास्तव कागदाच्या पट्टीवरून घरच्या मंडळींनीं धीर सोडूं नये, आणि घेरी, धडधड वा छातींत कळ येत असतां त्याच पट्टीवर विसंबून डॉक्टरांकडे जाण्यास विलंबहि लावूं नये. आलेख हा साक्षीदार आहे. निवाडा रोग्याची संपूर्ण तपासणी करूनच व्हावयाचा.