ब्रेकअप झालं, पण सांगायचं कुणाला?
सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' वाचलीय? २००६ची कादंबरी. तनय आणि अनुजा, सख्खे भाऊ-बहीण, घरी राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. तो अनुजासोबत निघून जातो, मग तिलाही सोडतो. ती परत येते तेव्हा सगळं घर तिच्याभोवती. राग, काळजी, डॉक्टर. आणि तनय? त्याचंही काही तुटलंय, हे घराच्या गावीच नाही. त्यानं रडायचं ते कुठल्या नावानं?

२०१८ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले. चांगलंच झालं. पण घरात रडायची सोय कोर्ट कशी करणार? घरात कुणी असं गप्प गप्प दिसलं, तर लगेच 'कोण मुलगी?' नका हो विचारू. 'कोण होतं?' एवढंच विचारा.